उपरण्याखालची निवड

बाजाराच्या दिवशी आमच्या घरात पहिला आवाज व्हायचा तो मायच्या हाताचा. ज्वारीच्या पिठावर तिचा तळवा पडायला लागला की मी डोळे न उघडता भाकरी मोजायचो आणि पंधरावीच्या आसपास मला लाथ बसायची. जवळा बाजारच्या गुरांच्या बाजाराला लागून चिंचेखाली आमचं छप्पर होतं. बाप साखरा गावची कोरडवाहू जमीन भावांना सोडून इथं आलेला. तो दुसऱ्याची गाडी हाकायचा आणि महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर असायचा. घर चालायचं ते मायच्या चुलीवर. लांबून बैल घेऊन आलेली माणसं आमच्याकडं जेवायची. भाकरी, अंबाडीची भाजी, येसराच्या मसाल्याची आमटी आणि वर जवसाची चटणी, एवढंच असायचं. पण मायची आमटी खाऊन माणसाच्या कपाळाला घाम फुटला नाही असं मी पाहिलं नाही. छपराच्या मागं पिंजाऱ्यांची आळी होती. तिथून कापूस पिंजायच्या धनुकलीचा आवाज दिवसभर यायचा, आणि पुढून बैलांच्या घुंगरांचा. या दोन आवाजांच्या मध्ये मी वाढलो. आता कानाला यंत्र लावलं तरी घरात लेकरं काय बोलतात ते मला धड कळत नाही, पण धनुकलीचा आवाज मात्र अजून येतो. डॉक्टर म्हणतात तो कानाचा आजार आहे. असेल.

त्या आळीच्या तोंडाशी हसनचाचाचं घर. चाचा गुरांचे दलाल. उंच, वाळलेले, दाढी मेंदीनं लाल केलेली, खांद्यावर कायम एक जाडं उपरणं. त्या उपरण्याखाली त्यांनी आयुष्यात किती बैल इकडचे तिकडे केले असतील याला हिशेब नाही. आमच्याकडं जेवायला बसले की ते भाजीपेक्षा आमटी जास्त घ्यायचे आणि मायला म्हणायचे, "भाभी, तुमच्या आमटीनं माणूस खरं बोलायला लागतो." माय म्हणायची, "मग तुमी रोज खात जा चाचा, दलालाला गरज हाय." माझ्या धंद्याची सुरुवात अशीच, त्यांच्या ताटाला पाणी देता देता झाली. मला शाळा नव्हती, जमीन नव्हती, शिफारस नव्हती. पुढं जे झालं ते मी माझ्या हातानं केलं, आणि तो हात कसा वापरायचा हे चाचानं शिकवलं.

ज्यांनी तो बाजार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. बैलाचा भाव तोंडानं बोलायचा नसे. दलाल आणि गिऱ्हाईक समोरासमोर बसत, दोघांच्या हातावर उपरणं टाकलं जाई आणि खाली बोटं धरली जात. एक बोट म्हणजे एक, दोन म्हणजे दोन, सगळा पंजा म्हणजे पाच. दहा की शंभर ते बैलाकडं बघून कळायचं. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी भाव दोघांनाच ठाऊक. तोंडानं मात्र भलतंच चाललेलं असायचं. पाऊस, लेकीचं बाळंतपण, बैलाचं वाकडं शिंग. आणि एक गोष्ट बाजारातलं शेंबडं पोरगंही जाणत होतं, की पहिला दाब कधी खरा नसतो. घेणारा पहिल्यांदा कमी दाबणार, दुसऱ्यांदा थोडा वर येणार, तिसऱ्या-चौथ्या दाबाला खरा माणूस सापडणार. पहिल्याच दाबाला खरं सांगणाऱ्याला लोक वेडा समजत. दलालानं मात्र एकाचा दाब दुसऱ्याला कधी खोटा सांगायचा नाही. चाचा म्हणायचे, "तोंडानं कितीबी फेक बेटा, हातानं नको. हात खोटा पडला की बाजार उठला."

मी वीस-बावीस वर्षांचा होईपर्यंत माझी स्वतःची गिऱ्हाइकं झाली होती. तापट होतो. दोनदा बाजारात मारामारी केली, आणि दोन्ही वेळा माझंच बरोबर होतं असं मला आजही वाटतं. पण भावात मला कुणी फसवू शकत नव्हतं. त्याच सुमारास निजामी अंमलाचा जाच वाढला आणि हद्दीपलीकडं, वऱ्हाडात, निजामाविरुद्ध लढणाऱ्या आपल्या लोकांचे कॅम्प उभे राहिले. बैल विकायला मी तिकडं जातच होतो. जाताना घुंगरमाळेच्या चामडी पट्ट्यात चिठ्ठ्या शिवून न्यायला लागलो. येताना उत्तरं आणायचो. नाक्यावरचा जमादार बैलाचे दात बघायचा, खूर बघायचा, पट्टा कधी बघितला नाही. घरात हे फक्त मायला ठाऊक होतं. एक दिवस चाचा आमच्या दारात आले, बैलाच्या गळ्यातला पट्टा बोटांत धरून बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "टाका कच्चा हाय बेटा. पक्का घाल." एवढंच. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. एका शब्दानं त्यांनी मला तुरुंगात घातलं असतं. त्या दिवसांत बरेच जण बरेच शब्द बोलत होते.

मग फौज आली आणि निजामी राज्य गेलं. पोलीस ॲक्शनबद्दल पुष्कळांनी पुष्कळ लिहिलंय, मी फक्त आमच्या छपराच्या मागचं सांगतो. धनुकलीचा आवाज बंद झाला. आळीतली दारं लागली ती उघडेनात. आसपासच्या गावांहून ज्या बातम्या येत होत्या त्या मी लिहिणार नाही, मला लिहिता येणार नाहीत. माय टोपलीत भाकरी घेऊन आळीत जायची आणि रिकामी टोपली घेऊन यायची, आणि मध्ये काय बोलणं झालं ते सांगायची नाही. चाचा बाजारात येईनासे झाले. नव्या साहेबांचा हुकूम असा होता की त्या आळीतल्या कुणाला बाजारात बसायचं तर गावातल्या कमिटीच्या माणसानं चिठ्ठी लिहून द्यायची, की हा माणूस भला आहे, याला धंदा करू द्यावा. कमिटी मात्र अजून व्हायची होती. जवळा बाजारातून एकच माणूस घ्यायचा होता, आणि तो कोण हे कॅम्पवाल्यांचा पक्ष ठरवणार होता. कापडाचं वाटप, रॉकेल, साखर, साहेबाच्या कानाला लागणं, सगळं त्या एका माणसाच्या हातात जाणार होतं.

मी मायला म्हणालो, "ती जागा माझी हाय. चिठ्ठ्या कुनी नेल्या?"

"तू नेल्यास," माय म्हणाली. "पन तुला रॉकेल वाटताना राग आला तर डबाच लाथाडशील."

मी चाचाकडं गेलो. बंद दाराआडून म्हणालो, "चाचा, कमिटीवर मी बसलो की पहिली चिठ्ठी तुमची." आतून आवाज आला, "बस तर खरं, बेटा."

पक्षाचे एक वकील माणूस ठरवायला आले. भले गृहस्थ, खादीचा स्वच्छ पोशाख, बोलणं गोड. ते उतरले देशमुखांच्या वाड्यावर, कारण गावात पाहुण्याला खाट आणि मच्छरदाणी देणारं दुसरं घर नव्हतं. देशमुखांचे बापूसाहेब हेच माझ्यासमोरचे दुसरे इच्छुक. पोळ्यापर्यंत ते रुमी टोपी घालून तहसीलदाराच्या पंगतीला बसत होते. पोळ्यानंतर टोपी पांढरी झाली. माणूस वाईट नव्हता, हे मी आता लिहू शकतो. तेव्हा कुणी मला असं म्हटलं असतं तर मी त्याचं तोंड फोडलं असतं.

मारुतीच्या देवळापुढं बैठक बसली. वकीलसाहेबांनी गावातली अकरा जाणती माणसं बोलावली होती. त्यांनी दोन्ही नावं सांगितली आणि म्हणाले, "पक्ष वरून माणूस लादणार नाही. तुम्हीच मोकळेपणानं सांगा, कोण हवा?"

कोण सांगणार? बापूसाहेब समोर बसलेले. अकरांतल्या सात जणांची शेतं त्यांच्या बांधाला लागून. एकानं घसा साफ केला, दुसऱ्यानं पागोटं नीट केलं. सोपानमामा, माझ्या मायचे चुलत भाऊ, मला वाटत होतं हे तरी बोलतील, तर ते देवळाच्या कळसाकडं पाहून म्हणाले, "तुमी मोठी मान्सं. तुमी म्हनाल ते बराबर." वकीलसाहेब कंटाळले. त्यांनी लाकडी पेटीतून कागद काढला आणि पेनाचं टोपण उघडलं. मला दिसलं की हा आता एकच नाव लिहिणार आणि ते माझं नसणार.

मी उभा राहिलो. "साहेब, तोंडानं ही मान्सं मरेपर्यंत सांगायची न्हाईत. हातानं सांगतील. उपरण्याखाली घ्या. एक बोट म्हंजे बापूसाहेब, दोन बोटं म्हंजे मी. कुनी काय दाबलं ते कुनालाच दिसायचं न्हाई."

वकीलसाहेबांना ही कल्पना फार आवडली. अस्सल लोकशाही आहे, असं काहीतरी ते म्हणाले. "पण बोटं ओळखणार कोण? मला तर यातलं काही कळत नाही."

"हसनचाचा," मी म्हणालो.

आळीतल्या माणसाचं नाव ऐकून सगळ्यांच्या माना वकीलसाहेबांकडं वळल्या. पण बापूसाहेबांनीच मान डोलावली. "हसनच्या हाताला कुनी नाव ठेवायचं न्हाई. बोलवा."

इथं मला एक गोष्ट कबूल करायची आहे, जी मी इतकी वर्षं मुलांनाही सांगितली नाही. चाचांचं नाव मी ते खरे म्हणून घेतलं नव्हतं. त्यांना माझ्या चिठ्ठीची गरज होती म्हणून घेतलं होतं. कुठं एखादं बोट कमी पडलं तर चाचा माझ्या बाजूनं मोजतील, असा हिशेब मी उभ्या उभ्या केला होता. मी सौदा करणारा माणूस होतो. कुणाला काय हवं आहे हे आधी बघायचो.

चाचा आले. कित्येक दिवसांत पहिल्यांदा घराबाहेर पडले होते. दाढीचा रंग उतरून मुळं पांढरी झाली होती. ते पायरीखाली बसले, उपरणं पसरलं. मी उत्साहात सगळ्यांना ओरडून सांगितलं, "भिऊ नका! बाजारात दाबता तसंच दाबा!"

हे माझं वाक्य. दुसऱ्या कुणाचं नाही.

अकरा जण एकेक करून बसले, उठले. दोन-तीन हात तिथं जरा जास्त रेंगाळले. चाचाचा चेहरा बाजारात असायचा तसाच, भिंतीसारखा. शेवटचा हात निघाल्यावर वकीलसाहेब म्हणाले, "सांगा."

चाचांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. मग वकिलांकडं वळून म्हणाले, "एक बोट आठ जनांनी दाबलं. दोन बोटं तिघांनी." आणि थांबून पुढं म्हणाले, "पन साहेब, हा पयला दाब हाय. आमच्यात अजून एकदा इचारतात."

"आता पुन्हा कशाला?" वकीलसाहेबांचं पेन चालायलाही लागलं होतं. "कौल स्पष्ट आहे."

माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो तेव्हा, आणि नुसता प्रकाश नाही, आग लागली. मी म्हणालो, "साहेब, पयला दाब खरा नसतोय! पुन्ना घ्या! अजून एकदा घ्या!"

वकीलसाहेब हसले. "गंगारामजी, निवड म्हणजे काही गुरांचा बाजार नव्हे. हरल्यावर असं म्हणू नये."

बापूसाहेबही हसले. मोठ्यानं नाही, मिशीत. मी दोन पावलांत त्यांच्याजवळ गेलो, त्यांच्या डोक्यावरची नवी पांढरी टोपी उचलली आणि देवळाशेजारच्या गुरांच्या हौदात फेकली. टोपी बुडाली नाही. शेवाळावर तरंगत राहिली आणि एका गोऱ्ह्यानं तिला हुंगलं. कुणी हसलं नाही. वकीलसाहेबांनी कागदावर अजून एक ओळ लिहिली. ती काय होती ते मला पुढं कळलं, कारण ती ओळ माझ्या आधी प्रत्येक ठिकाणी पोचलेली असायची.

संध्याकाळी सोपानमामा छपराखाली आले. मायनं पाणीसुद्धा दिलं नाही.

"मामा, किती बोटं?" मी विचारलं.

"एक," ते म्हणाले. "आरं पन पयल्यांदा कोन खरं दाबतं? मला वाटलं, वकील आता तुला इचारल, तू काय देतो. तू म्हनशील, तुमच्या वस्तीला रॉकेल आदी. मंग मी दोन दाबनार व्हतो. बाकीचे बी तसेच. तूच तं म्हनलास ना, बाजारात दाबता तसं?"

"मला नुसतं इचारलं असतं तरी रॉकेल दिलं असतं, मामा."

"फुकट मिळालेल्याचा भरवसा काय?" मामा म्हणाले. हे बोलताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्यांना हाताला धरून छपराबाहेर काढलं.

तिथून मी तडक चाचांकडं गेलो. दार या वेळी उघडं होतं. मी उंबऱ्यावरूनच ओरडलो, "तीनाचे सहा म्हणायला काय जात व्हतं तुमचं? कुनाला कळनार व्हतं? तुमच्याच पोटासाठी सांगतो ना मी!"

चाचा चुलीपुढं बसले होते. म्हणाले, "कळलं कुनालाच नसतं, बेटा."

"मंग?"

"मला इचारलं, काय दाबलं. मी दाबलं ते सांगितलं. पुन्ना घ्या म्हनून बी सांगितलं. यापेक्षा माझ्या हातात काय हाय?"

"तुमी मला बुडवलं," मी म्हणालो. "आन् स्वतःलाबी." त्यानंतर मी त्यांच्याशी बोलणं टाकलं.

कमिटीचा कारभार पुढं कसा झाला हे त्या काळातल्या माणसांना ठाऊक आहे. बापूसाहेबांनी कुणाचं ओरबाडून खाल्लं नाही. फक्त त्यांच्या दारात जाऊन रामराम करणाऱ्याला कापड मिळालं आणि न करणाऱ्याचं पुढच्या खेपेवर गेलं. सोपानमामांच्या वस्तीला रॉकेल कधी आधी मिळालं नाही. पिंजाऱ्यांच्या आळीतल्या चिठ्ठ्यांना बापूसाहेबांनी नाही म्हटलं नाही, बघू म्हटलं. त्या एका शब्दावर आळीतली चार घरं उठली. मी त्या जागी असतो तर कारभार चांगला झाला असता का? चिठ्ठ्या पहिल्या दिवशी दिल्या असत्या, हे छातीवर हात ठेवून सांगतो. बाकीचं माय म्हणाली होती तसं झालं असतं, कदाचित.

पक्षाकडं मी पुढं तीनदा उमेदवारी मागितली. तिन्ही वेळा बंद खोलीत ठरलं आणि बाहेर येऊन मला सांगण्यात आलं की लोकांची तशी इच्छा आहे. कुठल्या लोकांची, कुणी विचारलं, कितीदा विचारलं, याला उत्तर नाही. हल्ली नातवंडं निवडणुकीबद्दल वाद घालतात तेव्हा मी ऐकत बसतो. मतदानाबद्दल सगळे बोलतात. त्याच्या आधी, समोर ठेवायची दोन नावं कुणाच्या खाटेवर बसून ठरली, हे कुणी विचारत नाही. मी बोलायला लागलो की सून म्हणते, "बाबा, तुमची ती टोपीची गोष्ट नको." म्हणून इथं लिहून ठेवतोय.

चाचा गेले ते हरभरा निघाल्यानंतर. नांदेडला लेकीकडं. मला सकाळी मायनं सांगितलं. मी म्हणालो, जाऊ दे. मायनं फडक्यात आठ भाकरी बांधल्या, वर चटणीचा गोळा ठेवला आणि ते गाठोडं माझ्या छातीवर आपटलं. "तुझ्या गळ्यापर्यंत आलेला फास ज्यानं गप बसून सोडवला, त्याला भाकरी नेऊन देतोस का मी जाऊ?"

वसमतच्या वाटेला गाडी उभी होती. सामान थोडंच, एक पेटी, दोन वळकट्या, एक उलटी घातलेली खाट. धनुकली बाजूला बांधलेली, ती कुणाची होती कोण जाणे, चाचांची नव्हती. मी भाकरी गाडीत ठेवली आणि चाकाशी उभा राहिलो. माझा राग अजून तसाच होता. माझा राग असा सहज जात नाही.

चाचांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, झटकलं आणि माझ्या उजव्या हातावर टाकलं. मग त्याखाली त्यांचा हात आला. इतक्या वर्षांत आमचे हात हजारदा असे भेटले होते, पण मध्ये नेहमी एखादा बैल उभा असायचा. त्यांनी माझी दोन बोटं धरली आणि दाबली.

तेव्हा मला समजलं की त्या दिवशी देवळापुढं अकरा हात मोजले गेले होते, आणि मोजणाऱ्या हाताला कुणी काही विचारलंच नव्हतं. मीही नाही.

मी हात तसाच ठेवला. सवयीनं वाट पाहत राहिलो, आता दुसऱ्यांदा काय दाबतात. त्यांनी दुसऱ्यांदा दाबलं नाही. उपरणं उचलून खांद्यावर टाकलं, गाडीत चढले आणि गाडीवानाला म्हणाले, "हाक."